तीन मिनिटांचे खाँसाहेब

तुमच्यापैकी किती जणांच्या फोनमध्ये स्वतःच्या आवाजातली अर्धवट गाणी पडून आहेत? हात वर करा. आता त्यातल्या किती जणांनी ती पूर्ण केली नाहीत, कारण अजून चांगला लॅपटॉप नाही, एसएसडी नाही, माइक नाही, इंटरफेस नाही? बरोबर, तेच हात.

कबनूरमध्ये आमच्या कट्ट्यावर हा विषय आठवड्यातून एकदा तरी निघतोच. कोण म्हणतं सोळा जीबी रॅमशिवाय हात लावू नकोस, कोण म्हणतं हार्ड डिस्कचा जमाना गेला. दोन तास चर्चा होते, चहा होतो आणि रेकॉर्डिंग राहून जातं. वर शेजारच्या कारखान्यातल्या मागांचा खडखडाट आहेच. म्हणून आज तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगतो. त्यांच्याकडे ना लॅपटॉप होता, ना पुन्हा रेकॉर्ड करायची सोय. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावतील एवढी जागा होती. तरीही त्यांचा आवाज आज तुमच्या फोनवर वाजतो. आणि त्यांची कबर आपल्यापासून तासाभराच्या रस्त्यावर, मिरजेत आहे.

त्यांचं नाव उस्ताद अब्दुल करीम खाँ.

कैराना ते मिरज

खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, आजच्या उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. किराणा घराणं म्हणतात ते या गावाच्या नावावरून. त्याचा वाणसामानाशी काही संबंध नाही, आधीच सांगून ठेवतो! घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणं आणि सारंगी. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडून तालीम मिळाली. त्या काळी तालीम म्हणजे काय, तर गुरू गाणार आणि शिष्य ते डोक्यात आणि गळ्यात साठवणार. सगळं स्टोरेज माणसातच. वही नाही, टेप नाही. विसरलं तर गेलं.

विशीत असतानाच ते बडोद्याला पोचले आणि दरबारात गायक झाले. तिथे सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई यांच्याशी त्यांचं नातं जुळलं. मुसलमान गवई आणि सरदार घराण्यातली मराठा मुलगी! दोघांना बडोदा सोडावं लागलं. आधी मुंबई, मग मिरज. मिरजेत प्लेगच्या साथीत ते आजारी पडले आणि ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात बरे झाले, असं सांगितलं जातं. मीरासाहेबांवर त्यांची श्रद्धा शेवटपर्यंत राहिली आणि मिरज त्यांचं घर झालं.

त्या काळातला आपला भाग डोळ्यासमोर आणा. आपल्या शेजारी इचलकरंजीत पंडित बाळकृष्णबुवा होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली ती त्यांनी. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी उस्ताद अल्लादिया खाँ होते. आणि मिरजेत अब्दुल करीम खाँ. पन्नासेक किलोमीटरच्या पट्ट्यात तीन घराण्यांचे तीन डोंगर. आपण पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंकडे बघत बसतो, पण एके काळी गाणं शिकायला लोक इकडे यायचे.

कर्ण्यात गायलेलं गाणं

१९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे लोक रेकॉर्डिंगचं सामान घेऊन कोलकात्यात उतरले आणि भारतातल्या गाण्याची तबकडी बनायला लागली. पुढच्या तीनेक वर्षांत, म्हणजे १९०५ च्या सुमाराला, तिशी ओलांडलेल्या खाँसाहेबांनीही आपलं गाणं मुद्रित केलं.

तेव्हाचा सेटअप ऐका. माइक नाही, वीज नाही. समोर एक मोठा कर्णा. गायकानं त्यात तोंड घालून मोठ्यानं गायचं. आवाजाच्या जोरानं कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरतो, पडद्याला जोडलेली सुई हलते आणि फिरत्या मेणाच्या जाड तबकडीवर रेघ कोरत जाते. बस्स. आवाज वाढवायला ॲम्प्लिफायर नाही, सुधारायला इक्वलायझर नाही. खालचे स्वर आणि तंबोऱ्याचा गुंजारव त्या कर्ण्याला फारसा पकडताच यायचा नाही. मान डावीकडे वळली तर आवाज गेला. खोकला आला तर मेण वाया.

आणि वेळ? दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं. जो माणूस मैफिलीत एक राग तासभर मांडायचा, त्याला तीन मिनिटं! म्हणून अनेक मोठ्या गवयांनी या यंत्राकडे पाठ फिरवली. कुणाला वाटलं आपली विद्या चोरीला जाईल, कुणाला वाटलं पानटपरीवर वाजणं हा गाण्याचा अपमान आहे. त्यांचं अगदीच चुकलं असं मला वाटत नाही. पण परिणाम काय झाला ते बघा. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, म्हणजे रेकॉर्डिंगचा जमाना चांगला रुळल्यावरही कितीतरी वर्षं. तरी त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकायला मिळत नाही.

आणखी एक गंमत. सुरुवातीच्या तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना कोण काय गातंय ते कसं कळणार? म्हणून बरेच कलाकार गाणं संपताना स्वतःचं नाव मोठ्यानं सांगून टाकायचे. तुमच्या लॅपटॉपमध्ये फायनल, फायनल-टू, खरंच-फायनल अशा नावांच्या फायली असतील, तर त्या कलाकारांकडून एवढं तरी शिका. गाण्याचं नाव, तारीख, कोण गातंय, एवढं फाइलच्या नावात घाला. सहा महिन्यांनी तुम्ही स्वतःच तो हॅनोव्हरचा कामगार असणार आहात.

मधली तीस वर्षं

आता या गोष्टीतला मला सगळ्यात जास्त टोचणारा भाग.

१९०५ च्या आसपासच्या त्या तबकड्यांनंतर खाँसाहेबांचं गाणं पुन्हा ठळकपणे मुद्रित झालं ते १९३४ ते १९३६ या काळात, ओडियन कंपनीसाठी. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. मधे जवळजवळ तीस वर्षं गेली. गवयाच्या आयुष्यातली भरात असलेली तीस वर्षं.

त्या वर्षांत ते रिकामे बसले होते का? अजिबात नाही. १९१० मध्ये त्यांनी बेळगावात आर्य संगीत विद्यालय काढलं, मग पुण्यात आणि नंतर मुंबईत. गरीब घरातली मुलं तिथे राहून शिकायची. त्यांच्या जेवणाखाण्याचा खर्च निघावा म्हणून खाँसाहेब तिकीट लावून जलसे करायचे. तंबोरे, सारंग्या दुरुस्त करण्यात त्यांचा हात बसलेला होता. म्हणजे गायक, शिक्षक, आयोजक आणि टेक्निशियन, सगळं एकटेच. घरून काम करणाऱ्या आजच्या म्युझिक प्रोड्यूसरला हे ओळखीचं वाटेल.

याच काळात सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स हे इंग्रज अधिकारी बावीस श्रुतींचा अभ्यास करत होते. कुठला स्वर नेमका किती उंचीवर आहे हे त्यांना मोजायचं होतं, आणि त्या स्वरांसाठी त्यांनी खास श्रुती-हार्मोनियमही बनवून घेतली. या कामात त्यांना ज्या गळ्याची मदत झाली, तो खाँसाहेबांचा होता. मोजायचं यंत्र तपासायला माणसाचा गळा वापरावा लागला, एवढा तो सुरात होता. त्यांच्या मोजमापावर पुढे बरेच वाद झाले, पण गळ्यावर कुणी शंका घेतली नाही.

म्हैसूरच्या दरबारात जाता-येता त्यांनी कर्नाटक संगीत मन लावून ऐकलं. तिथली सरगम आपल्या गाण्यात आणली. उत्तरेतला गवई दक्षिणेकडून शिकतोय, ही तेव्हा नेहमीची गोष्ट नव्हती.

घरात मात्र सूर टिकला नाही. १९२२ मध्ये ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. ती मुलं पुढे आईचं माने आडनाव लावून किंवा स्वतःच्या वेगळ्या नावानं वाढली. त्यातलेच सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे. महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलेली ही नावं ज्यांची मुलं होती, ते मात्र मिरजेत वेगळे राहत होते.

या सगळ्या वर्षांतलं त्यांचं रोजचं गाणं कुठे आहे? तबकडीवर नाही. विद्यालयातली पहाटेची तालीम, मिरजेच्या दर्ग्यातली हजेरी, चाळिशीतला तो आवाज, सगळं हवेत विरलं.

इथे माझी एक गोष्ट कबूल करतो. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी एका भजनी मंडळाचं दोन तास रेकॉर्डिंग केलं होतं. छान झालं होतं. सगळं एका हार्ड डिस्कवर ठेवलं, आणि सबमिशनच्या आठवड्यात ती डिस्क टेबलावरून खाली पडली. दुकानदारानं कानाला लावून ऐकली आणि मान हलवली. मंडळानं मला पुन्हा गाऊन दिलं. पण पहिल्या वेळी चाल सांगणारे आजोबा तोवर आजारी पडले होते. ते आता गात नाहीत. प्रोजेक्टला मार्क चांगले मिळाले. फाइल नाही मिळाली.

साठीतली तीन मिनिटं

१९२५ नंतर माइक आला, विजेवर रेकॉर्डिंग सुरू झालं. कर्ण्यात ओरडायची गरज संपली. खाँसाहेबांसारख्या बारीक, टोकदार, हळुवार आवाजासाठी हे वरदानच होतं. ओडियनच्या त्या तबकड्यांमध्ये झिंझोटीतली ठुमरी आहे, भैरवीतली ठुमरी आहे, ख्याल आहेत, कर्नाटकी वळणाचं गाणंही आहे. तुमच्या फोनवर शोधा, मिळतील. खरखर आहे, पण पहिल्या दहा सेकंदांत कळतं की हा माणूस एक स्वर नुसता लावूनही तुम्हाला गप्प बसवू शकतो.

वेळ मात्र तेवढाच, तीन मिनिटं. यावेळी त्यांनी त्या तीन मिनिटांत तासाभराचा राग कोंबला नाही. एक वस्तू घेतली, तिचा जीव घेतला आणि थांबले. जागा कमी होती म्हणून काय ठेवायचं ते ठरवावं लागलं.

आता तुमची जागा मोजू. चांगल्या दर्जाचं, म्हणजे २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झचं एका ट्रॅकचं रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण ८.६ एमबी घेतं. तीन मिनिटांचे झाले २६ एमबी. म्हणजे ५०० जीबीच्या साध्या एसएसडीवर खाँसाहेबांच्या तबकडीच्या एकोणीस हजारांहून जास्त बाजू मावतील! जागा कमी पडतेय ही तक्रार आता करू नका.

वेगाचंही तेच. आठ ट्रॅक एकदम रेकॉर्ड केले तरी सेकंदाला जेमतेम सव्वा एमबी डेटा लिहावा लागतो. जुनी फिरती हार्ड डिस्कही हे आरामात करते. गंमत बघा, खाँसाहेबांची तबकडी मिनिटाला ७८ वेळा फिरायची, तुमची हार्ड डिस्क ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते. तिच्यातही फिरती चकती आहे आणि तिच्या अगदी जवळून तरंगणारं टोक आहे. म्हणूनच ती पडली की मरते, आणि शांत खोलीत तिची घरघर माइकमध्ये येते. रोजच्या कामाला एसएसडी घ्यायची ती मुख्यतः यासाठी: आवाज नाही, धक्क्याची भीती कमी, आणि मोठ्या सॅम्पल लायब्ररी पटकन उघडतात.

मिरजेचा बॅकअप

ऑक्टोबर १९३७. खाँसाहेब मद्रासकडे दौऱ्यावर होते. पाँडिचेरीला जाताना रेल्वेत त्यांना अस्वस्थ वाटायला लागलं. सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावर बिछाना टाकला, तंबोरा जुळवला, दरबारी रागात देवाचं नाव घेतलं आणि तिथेच शांत झाले, अशी आठवण सांगितली जाते. तारीख २७ ऑक्टोबर. त्यांना मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. आजही तिथे उरुसात त्यांच्या नावानं संगीत सभा भरते आणि मोठमोठे कलाकार हजेरी लावून जातात.

मग हा आवाज टिकला कसा? नीट बघितलं तर उत्तर फार टेक्निकल नाही.

एक, तबकड्या. एकेका गाण्याच्या कितीतरी प्रती निघाल्या आणि त्या घरोघरी गेल्या. एक फुटली तरी दुसरी कुणाच्या तरी माळ्यावर होती. दोन, शिष्यांचे गळे. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. गदगच्या एका मुलानं खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकली, त्या आवाजानं तो झपाटला, अकराव्या वर्षी गाणं शोधायला घरातून पळाला आणि शेवटी सवाई गंधर्वांपाशी पोचला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. म्हणजे बघा, आधी तबकडी कानावर पडली आणि मग गळ्यानं गळ्याला शिकवलं. दोन्ही स्टोरेज लागली. आणि तीन, हे सगळं एका गावात नव्हतं. गदग, पुणे, मुंबई, रोशनआरा बेगम यांच्यामुळे पुढे थेट पाकिस्तान.

कॉम्प्युटरवाले ज्याला ३-२-१ नियम म्हणतात तो हाच. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. मी तो प्रोजेक्टच्या वेळी पाळला असता तर आजोबांचा आवाज आज माझ्याकडे असता.

जाता जाता एक धागा. लहानपणी कोल्हापुरात असताना केसरबाई केरकर काही महिने खाँसाहेबांकडे शिकल्या होत्या. पुढे त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. ज्या गुरूचा आवाज आपल्याला ऐकायला मिळत नाही, त्यांची गायकी केसरबाईंच्या गळ्यात राहिली. आणि १९७७ मध्ये नासानं व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची जी तबकडी पाठवली, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे. लांबी साडेतीन मिनिटं. ती आत्ता सूर्यमालेच्या पलीकडे चालली आहे. याहून लांबचा बॅकअप मला तरी माहीत नाही.

तुमच्या खोलीसाठी, थोडक्यात

• आहे तो लॅपटॉप आधी वापरा. आठ जीबी रॅमवर आवाज आणि दोन-चार वाद्यांचं काम होतं. भरपूर प्लगइन आणि सॅम्पल लायब्ररी वापरणार असाल तरच सोळा जीबी. लाइट गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालतो. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच.

• पैसे पहिल्यांदा माइक आणि यूएसबी ऑडिओ इंटरफेसवर घाला. लॅपटॉपच्या साध्या माइकच्या खाचेतून चांगला आवाज येत नाही, मग तो कितीही महागड्या डिस्कवर साठवा.

• शेजारी माग चालू असतील तर कंडेन्सर माइक सगळा खडखडाट ओढून घेईल. डायनॅमिक माइक घ्या, तोंडाजवळ धरा, खोलीत गोधड्या टांगा आणि माग बंद असतील तेव्हा गा.

• रोजच्या कामाला एसएसडी. बॅकअपला स्वस्त पडणारी फिरती हार्ड डिस्क, कपाटात, टेबलाच्या कडेला नव्हे. तिसरी प्रत क्लाउडवर किंवा मित्राच्या घरी.

• मूळ रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्येच ठेवा. एमपीथ्री फक्त पाठवायला.

• महिन्यातून एकदा बॅकअप उघडून वाजवून बघा. न तपासलेला बॅकअप म्हणजे नसलेला बॅकअप.

एखाद्या रविवारी गाडी काढा आणि मिरजेला जाऊन या. दर्ग्यात खाँसाहेबांच्या कबरीपाशी थोडा वेळ थांबा. जवळच तंबोरे बनवणाऱ्यांची दुकानं आहेत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं आहे. दुकानाबाहेर उभं राहिलात तर कुणीतरी तार जुळवताना ऐकू येईल. फोन बाहेर काढा, कारागिराची परवानगी घ्या आणि तीन मिनिटं रेकॉर्ड करा. फाइलला नाव द्या, तारीख घाला.

आणि घरी आल्या आल्या तिची दुसरी प्रत काढा.